जुन्या डिझेल गाडीचा ब्रीदर आणि एअर फिल्टर : फेरफार करण्याआधी तपासणी कशी करावी

इंदूरमधील अनेक मराठी घरांत अजूनही एखादी इंडिका, सुमो, क्वालिस किंवा सुरुवातीच्या काळातील डिझेल स्विफ्ट नीट सांभाळलेली आहे, आणि तिच्यावर भरवसा ठेवून माणसे सेंधवा, धुळे, नाशिकमार्गे पुण्यापर्यंत जातात. अशा गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात एके दिवशी तेल दिसते. गॅरेजमध्ये विचारले की उत्तर मिळते, ‘गाड़ी बैक कम्प्रेशन मार रही है, इंजन खोलना पड़ेगा.’ दुसऱ्या दुकानात कोणी मूळ फिल्टरचा डबाच काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवण्याचा सल्ला देतो, तर तिसऱ्या ठिकाणी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातील वायू बाहेर काढणारा, पाइप काढून खाली रस्त्याकडे सोडून देतात. यांपैकी कोणताही खर्च करण्यापूर्वी नवख्या मालकाने स्वतः कोणती तपासणी करावी, कोणत्या क्रमाने करावी आणि कोठे थांबून जाणकार मेकॅनिककडे जावे, हे या लेखात सांगितले आहे. ब्रीदर आणि एअर फिल्टर हे हवेच्या एकाच वाटेवर बसलेले असतात आणि एकाला हात लावला की दुसऱ्याचे काम बदलते, ही गोष्ट आरंभापासून ध्यानात ठेवावी.

ही वाट कशी असते

डिझेल इंजिनात हवा अतिशय दाबली जाते. जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत हा दाब-गुणोत्तराचा (कॉम्प्रेशन रेशोचा) आकडा साधारण २० ते २३ असतो. एवढ्या दाबाखाली जळणाऱ्या वायूंपैकी थोडा भाग पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली चेंबरकडे, म्हणजे क्रँकशाफ्ट व तेल असलेल्या इंजिनाच्या तळाच्या कप्प्याकडे, निसटतोच, अगदी नव्या इंजिनातही. या निसटलेल्या वायूला ब्लो-बाय म्हणतात आणि गॅरेजमध्ये त्यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात तेलाचे बारीक तुषार, पाण्याची वाफ आणि काजळी मिसळलेली असते. हा वायू बाहेर पडला नाही तर चेंबरमधील दाब वाढतो आणि टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचे) पॅकिंग, क्रँकचे ऑइल सील किंवा तेल मोजायच्या गेजपट्टीची नळी, जी जागा कमकुवत असेल तेथून तेल बाहेर येऊ लागते.

फार जुन्या गाड्यांत हा वायू एका नळीने सरळ खाली रस्त्याकडे सोडलेला असे. नंतरच्या गाड्यांत तो टॅपेट कव्हरमधील जाळीतून किंवा तेल वेगळे करणाऱ्या छोट्या कप्प्यातून जातो, काही गाड्यांत पडद्याच्या वॉल्व्हमधून जातो, आणि मग रबरी होजने एअर फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, टर्बो असल्यास टर्बोच्या आधी, पुन्हा इंजिनात ओढला जातो. जुन्या डिझेलमध्ये पेट्रोलप्रमाणे थ्रॉटलची झडप बहुधा नसते, त्यामुळे ओढ बेताचीच असते आणि ती किती असेल हे बऱ्याच अंशी एअर फिल्टर किती मोकळा आहे यावर ठरते. फिल्टर धुळीने तुंबला की त्याच्या पुढची ओढ वाढते आणि ब्रीदरमधून नेहमीपेक्षा अधिक तेल खेचले जाते. म्हणूनच काळा धूर आणि तेलाची घट या दोन तक्रारी एकदमच आल्या, तर इंजिन उघडण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी काही शे रुपयांचा कागदी फिल्टर बदलून पाहावा.

तयारी आणि सुरक्षितता

गाडी सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावावेत. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातील साखळी पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये. विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. काम मोकळ्या हवेत करावे. हातमोजे, जुने पांढरे सुती कापड, थोडे डिझेल किंवा रॉकेल, स्क्रू ड्रायव्हर, आणि गवंडी लोक पातळी बघण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक लेव्हलची नळी एवढे साहित्य पुरते. होज काढण्यापूर्वी मोबाइलवर चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण कोणता पाइप कोठून कोठे गेला होता हे दोन तासांनी आठवत नाही.

याशिवाय एक रुंद, जाड, सपाट लाकडी फळी हाताशी ठेवावी. तिचे कारण पुढे येईल.

पहिली पायरी : तेलाची पातळी

इंजिन बंद करून दहा मिनिटांनी गेजपट्टी पाहावी. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर क्रँकशाफ्ट तेल घुसळतो, तुषार वाढतात आणि ब्रीदरमधून तेल येऊ लागते. अशा वेळी इंजिनात दोष नसतो, जास्तीचे तेल काढले की तक्रार थांबते. मात्र तेल न घालताही पातळी वाढत असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन तेलात उतरत आहे असे समजावे आणि पुढची तपासणी बाजूला ठेवून आधी पंप व इंजेक्टर दाखवावेत. पातळ झालेले तेल बेअरिंगना सांभाळत नाही, आणि पातळी अशीच वाढत राहिली तर ते हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पोचू शकते.

ऑइल कॅपखाली दुधाळ, लोण्यासारखा थर दिसला की पुष्कळांचा धीर सुटतो. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र दहा अंशांच्या खाली जाते, आणि राजवाड्यापासून विजयनगरपर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. तेव्हा वाफेचे कॅपखाली पाणी होऊन ते तेलात मिसळते आणि असा थर बनतो. कूलंटची पातळी स्थिर असेल आणि गेजपट्टीवरचे तेल स्वच्छ असेल, तर एक लांबचा प्रवास केल्यावर हा थर बहुधा नाहीसा होतो. कूलंट कमी होत असेल तर मात्र हेड गॅसकेटची शंका घ्यावी.

दुसरी पायरी : होज, जाळी आणि वॉल्व्ह

ब्रीदरचा होज दोन्ही टोकांनी सोडवावा. बोटांनी दाबून पाहिल्यावर तो तेलाने फुगून मऊ झालेला आढळला, किंवा आतून थर सुटून बंद झालेला दिसला, तर बदलावा. नवा होज तेल सोसणारा, नायट्राइल रबराचाच घ्यावा. रेडिएटरचा होज किंवा बागेची नळी तेलाने सुजते आणि गरम झाल्यावर ओढीने चपटी होते. आतील व्यास मूळ होजपेक्षा कमी असता कामा नये. टॅपेट कव्हरमधील जाळी निघत असेल तर ती डिझेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावी.

पडद्याचा वॉल्व्ह असलेल्या गाडीत पडदा फाटला की शिटीसारखा बारीक आवाज येतो, इंजिन चालू असताना ऑइल कॅप उचलणे जड जाते आणि तेल भराभर कमी होते. या लक्षणांवरून रिंगा गेल्या असे सांगणारे मेकॅनिक भेटतात. पडदा बदलणे हे रिंगांच्या तुलनेत अगदीच छोटे काम आहे, म्हणून ते आधी करून पाहावे असा माझा आग्रह आहे.

होज जोडण्यापूर्वी एअर फिल्टरच्या पुढील नळीत, आणि टर्बोची गाडी असेल तर इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाच्या) खालच्या वळणात साचलेले तेल काढून टाकावे. ही कंटाळवाणी पायरी गाळू नये.

तिसरी पायरी : दाब मोजणे

सुरू इंजिनावर ऑइल कॅप उलटी ठेवून ती उडते का हे पाहण्याची पद्धत सगळीकडे चालते. तिच्यातून अंदाज मिळतो, पण काही इंजिनांत कॅपच्या अगदी खाली कॅमशाफ्ट फिरत असल्यामुळे धडधाकट इंजिनातही कॅप थरथरते. त्यापेक्षा पाण्याची नळी अधिक खरे सांगते. लेव्हलची नळी दुसऱ्या एका फळीवर इंग्रजी ‘यू’च्या आकारात बांधावी, दोन्ही उभ्या बाजू हातभर लांब ठेवाव्यात, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. त्याच मापाची एक जास्तीची ऑइल कॅप विकत घेऊन तिला भोक पाडून नळीचे एक टोक तेथे घट्ट बसवावे; दुसरे टोक उघडे राहू द्यावे. गेजपट्टीच्या नळीलाही हे टोक लावता येते, परंतु काही इंजिनांत ती नळी तेलाच्या पातळीखाली जाते आणि मोजमाप फसते. पाणी ओढले जाऊन इंजिनात जाऊ नये म्हणून फळी कॅपपेक्षा बरीच खाली धरावी.

इंजिन पूर्ण तापल्यावर, सर्व होज मूळ जागी जोडलेले असताना, आधी आयडलिंगला आणि मग मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर दोन्ही बाजूंच्या पाण्यातील फरक पाहावा. पंचवीस मिलिमीटर फरक म्हणजे साधारण पाव किलोपास्कल दाब. पाणी जवळजवळ सारख्या पातळीवर राहिले किंवा किंचित इंजिनाकडे ओढले गेले, तर व्यवस्था ठीक आहे. उघड्या बाजूचे पाणी वर चढले आणि फेऱ्या वाढवताच आणखी चढू लागले, तर चेंबरमध्ये दाब साठत आहे. नेमकी मर्यादा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी, कारण ती प्रत्येक इंजिनाची वेगळी असते.

दाब आढळला तर ब्रीदरचा होज टॅपेट कव्हरकडून सोडवून, फिल्टरच्या बाजूचे भोक स्वच्छ बुचाने बंद करून, काही सेकंदच पुन्हा मोजावे. दाब उतरला तर अडथळा पुढच्या होजमध्ये किंवा वॉल्व्हमध्ये आहे. उतरला नाही तर आतील जाळी तुंबलेली आहे किंवा वायूच फार आहे.

वायू फार आहे असे दिसल्यावरही रिंगांना दोष देण्याची घाई करू नये. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, अल्टरनेटरच्या मागे किंवा कॅमशाफ्टच्या टोकाला, आणि तो ओढलेली हवा चेंबरमध्येच सोडतो. बूस्टरचा पडदा किंवा व्हॅक्यूमची नळी गळत असेल, तर ही हवा सतत चेंबरमध्ये भरत राहते आणि ब्रीदरमधून निघणारा झोत पाहून कोणालाही बॅक कॉम्प्रेशनच वाटेल. गाडी जागेवर उभी असताना पंपाकडची व्हॅक्यूमची नळी काढून पंपाचे तोंड बुचाने बंद करावे आणि पुन्हा मोजावे. झोत कमी झाला तर दोष ब्रेकच्या बाजूचा आहे. या अवस्थेत गाडी तसूभरही हलवू नये, कारण ब्रेक अतिशय जड झालेले असतात. टर्बोच्या गाडीत टर्बोचे सील गळत असल्यानेही दाबाची हवा तेलाच्या परतीच्या नळीतून चेंबरमध्ये येते. याच्या उलटही घडते : चेंबरमध्ये दाब असेल तर टर्बोतून तेल खाली उतरत नाही आणि निर्दोष टर्बो तेल गाळू लागतो. नवा टर्बो बसवूनही तेल येतच राहिले, अशा तक्रारींत तुंबलेला ब्रीदर आधी तपासावा.

एवढे सगळे होऊनही दाब कायम राहिला, तर डिझेलच्या गेजने चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन टेस्ट मेकॅनिककडून करून घ्यावी. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन कमी आल्यावर सिलिंडरमध्ये थोडे तेल ओतून पुन्हा मोजतात. डिझेलमध्ये ती युक्ती अननुभवी हाताने करू नये. पिस्टनच्या वरची जागा इतकी कमी असते की जास्त तेलाने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

इंजिन स्वतःचेच तेल जाळू लागले तर

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवेच्या वाटेने पुरेसे तेल आत गेले तर ते इंधन म्हणून जळते, फेऱ्या आपोआप वाढत जातात आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही, कारण चावी फक्त डिझेल बंद करते. तुंबलेला ब्रीदर, काठोकाठ भरलेली कॅच कॅन (ब्रीदरमधील तेल धरून ठेवणारा डबा), इंटरकूलरमध्ये साचलेले तेल आणि प्रमाणाबाहेर भरलेला ऑइल बाथ फिल्टर (कागदाऐवजी तेलात धूळ पकडणारा), हे सगळे या प्रसंगाकडे नेणारे रस्ते आहेत. गिअरची गाडी असेल तर ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या माणसाने पायाचा ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा. इंजिन अडून बंद पडते. बाहेरून थांबवायचे तर हवेच्या तोंडावर ती सपाट फळी घट्ट दाबावी. हात किंवा फडके कधीही लावू नये. ओढ इतकी जबर असते की बोटे जखमी होतात आणि फडके आत जाते. दोन्ही जमले नाही तर लांब जावे आणि इतरांनाही लांब न्यावे, कारण इंजिनाचे तुकडे उडू शकतात. गाडी गेली तरी चालेल. याच कारणाने दाब मोजताना एक जाणता माणूस ड्रायव्हरच्या जागी बसलेला असावा.

एअर फिल्टर : काय तपासावे, काय बदलावे

माळव्याची काळी माती एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत पिठासारखी उडते आणि तिच्यातील कठीण कण रिंगांना व सिलिंडरला घासतात. घासलेल्या रिंगांतून ब्लो-बाय वाढतो, वाढलेला ब्लो-बाय फिल्टर तेलकट करतो आणि तेलकट कागदातून हवा नीट जात नाही. म्हणून फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूच्या नळीत पांढरे कापड बोटाला गुंडाळून फिरवावे. केवळ तेलाचा पुसट डाग असेल तर चिंता नको. कापडावर बोटाला खरखरीत लागणारी धूळ आली, तर फिल्टर कितीही नवा असला तरी डब्याची क्लिप, रबरी कड किंवा नळीला पडलेली चीर यांपैकी काहीतरी धूळ आत सोडत आहे.

कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करण्याची सवय शक्यतो सोडावी. करायचेच असेल तर दाब दोन बारच्या आत ठेवून, अंतर राखून, आतून बाहेर हवा मारावी आणि नंतर आत बल्ब धरून भोक पडले नाही ना हे पाहावे. तेलाने भिजलेला कागद साफ होत नाही. तो टाकूनच द्यावा. ऑइल बाथ फिल्टरमध्ये तेल खुणेपर्यंतच भरावे, गाळ बसला की बदलावे आणि जाळी रॉकेलमध्ये धुऊन निथळू द्यावी.

उघड्या शंकू-फिल्टरविषयी माझे मत स्पष्ट आहे : रोजच्या वापरातील जुन्या डिझेलला तो बसवू नये. मूळ डबा बाहेरची थंड हवा घेतो, उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली, विरळ हवा घेतो, आणि इंदूरच्या मे महिन्यात हा फरक लहान नसतो. पंपाने ठरवलेल्या डिझेलच्या मात्रेत हवा थोडी मोकळी झाल्याने ताकद फारशी वाढत नाही. तेल लावलेल्या सुती फिल्टरचे जास्तीचे तेल कॉमनरेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या) गाडीच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. शिवाय ब्रीदर जोडायला जागाच उरत नाही, म्हणून दुकानदार तो होज मोकळा सोडतो, आणि कधी कधी हवेच्या नळीतील त्याचे जुने भोक तसेच उघडे राहते. त्या भोकातून गाळली न गेलेली धूळ सरळ इंजिनात जाते. असा फेरफार आधीच झालेली गाडी विकत घेतली असेल तर सर्वप्रथम हे भोक शोधावे.

कॅच कॅन बसवायची असेल तर

इंजिन तपासून ठीक निघाले आणि ईजीआरची (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची) काजळी व ब्रीदरचे तेल एकत्र येऊन हवेच्या मॅनिफोल्डमध्ये चिकट थर साचण्याचा त्रास असेल, तर कॅच कॅन हा मला मान्य असलेला एकमेव फेरफार आहे. कॅनच्या आत वायूला वळवणारे पडदे आणि पक्की जाळी असावी. रिकाम्या डब्यातून तुषार तसेच निघून जातात. भांडी घासायची तारेची घासणी आत कोंबू नये, तिचे तुकडे टर्बोत जातात. होज टॅपेट कव्हरपासून कॅनकडे सतत उताराचा असावा, मध्ये झोळ पडू नये. कॅनमधून निघणारा होज पुन्हा हवेच्या नळीलाच मूळ जागी जोडावा, रस्त्याकडे सोडू नये. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून कॅन दूर ठेवावी. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा ती उघडून पाहावी आणि किती किलोमीटरमागे किती तेल साचते याची वहीत नोंद ठेवावी. हिवाळ्यात त्यात पाणीही बरेच निघते. काढलेले तेल गटारात ओतू नये, गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात द्यावे. कॅन भराभर भरू लागली तर ती कितीही मोठी घेतली तरी उपयोग नाही, तिसऱ्या पायरीकडे परत जावे.

कायद्याची बाजू थोडक्यात : मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीपासून वाहन बदलण्यावर निर्बंध आहेत आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केले आहेत. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा पीयूसी चाचणीत ६५ हार्ट्रिज एकक (धूर किती काळा हे मोजणारे माप), तर बीएस-४ गाडीची ५० एकक आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. त्या वेळी रस्त्याकडे सोडलेला ब्रीदर आणि तेलकट इंजिन दिसले तर परत पाठवण्याला निमित्त मिळते.

सगळे पुन्हा जोडल्यावर लगेच महाराष्ट्राच्या प्रवासाला निघू नये. आधी मानपूरचा घाट चढून-उतरून यावे, कारण काही दोष भार पडल्यावरच दिसतात. परत आल्यावर गेजपट्टीची पातळी, होजची टोके, टॅपेट कव्हरची कड आणि फिल्टरची स्वच्छ बाजू पाहावी, आणि पाण्याच्या नळीने दाब पुन्हा मोजून आधीच्या ठीक आलेल्या आकड्याशेजारी लिहावा. दोन्ही आकडे जुळले आणि कापडावर खरखरीत धूळ आली नाही, तर बिजासनचा घाट ओलांडायला गाडी तयार आहे.